जिमी कार्टर अभ्यासवर्ग: चार शनिवार आणि जॉर्जटाऊनची मतपेटी

मी या वाचनालयाची नऊ वर्षांची सभासद. आजवर इथे पुस्तकं बदलायला आणि दिवाळी अंकांसाठीच येत होते. यंदा पहिल्यांदाच अभ्यासवर्गाला नाव घातलं. विषय होता पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांची सुरुवातीची कारकीर्द आणि त्या काळातलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं राजकारण. चार शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, फी आठशे रुपये. वर्ग संपून दोन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पुढच्या बॅचला यावं की नाही असा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

ठाण्यात बसून जॉर्जियाचं राजकारण कशाला शिकायचं, असं माझ्या जाऊबाईंनी विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक शहापूर तालुक्यात. शिक्षक म्हटलं की निवडणूक ड्यूटी आलीच. मतदान यंत्रं येण्याआधीची पेटीतली निवडणूक मी हाताने केलेली आहे. पाटीवर 'दुसरा शनिवार: मतपेटीची चोरी, 1962' असं वाचलं आणि तिथेच पैसे भरले.

आधी व्यवस्थेबद्दल. वर्ग दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होतो आणि लिफ्ट नाही. माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी दहा मिनिटं आधी निघावं. अठरा खुर्च्या होत्या, सगळ्या भरल्या. पंखे दोन, त्यातला एक आवाज करतो. मधल्या सुट्टीत चहा मिळतो, चांगला असतो. झेरॉक्स टिपणं शेहेचाळीस पानांची, मराठीत, सरांनी स्वतः तयार केलेली. त्यांना पैकीच्या पैकी गुण. नावांचे उच्चार देवनागरीत नीट दिलेत, सनावळी आहे, नकाशा आहे. अशी टिपणं आमच्या डी.एड.लाही मिळाली नव्हती.

पहिल्या शनिवारी सरांनी व्हाइट हाउसचं नावही काढलं नाही. सुरुवात केली 1953 पासून. वडील वारले म्हणून नौदलातली नोकरी सोडून कार्टर प्लेन्स या आपल्या छोट्या गावी परत आले. भुईमुगाचा धंदा, कर्ज, आणि परत यायला अजिबात राजी नसलेली बायको रोझलिन. दुसऱ्याच वर्षी, 1954 मध्ये, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. दक्षिणेतल्या राज्यांत एकच गदारोळ उठला. गावोगावी गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' निघाल्या. प्लेन्समध्येही निघाली आणि कार्टर यांनी तिची वर्गणी भरायला नकार दिला. धंदा गावातल्याच लोकांवर चालायचा, तेव्हा हा नकार स्वस्त नव्हता.

पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. 1955 मध्ये कार्टर आपल्या काउंटीच्या शाळा मंडळावर गेले. गोरी मुलं बसने शाळेत येतात आणि कृष्णवर्णीय मुलं पायी येतात, हे मंडळावर बसून कित्येक महिने झाले तरी आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. हे ऐकून मी वहीत लिहायचं थांबले. आमच्या शाळेत पाड्यावरची मुलं ओढा ओलांडून यायची. पावसाळ्यात आली नाहीत की हजेरीपटावर गैरहजर मांडायची आणि पुढे चालायचं, हे मी स्वतः कित्येक महिने केलं आहे. मुलं का आली नाहीत हे बघायला ओढ्यापर्यंत जायचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. कार्टर यांच्याबद्दल जे काही माझं मत झालं, त्याला तिथून सुरुवात झाली.

त्याच दिवशी 'काउंटी युनिट' पद्धत शिकवली आणि ती शिकवण्याची रीत फार आवडली. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं धरा. जॉर्जियात अशा 159 काउंट्या. राज्याच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मतं माणसांची मोजायची पण निकाल लावायचा काउंट्यांच्या युनिटांवर. सगळ्यांत मोठ्या 8 काउंट्यांना प्रत्येकी 6 युनिट, पुढच्या 30 ना प्रत्येकी 4, आणि उरलेल्या 121 ना प्रत्येकी 2. एकूण 410. सरांनी रंगीत कार्डं वाटली. मला अटलांटा ज्या काउंटीत येतं ती फुल्टन मिळाली, साडेपाच लाखांवर वस्ती, आणि हातात सहा कार्डं. समोरच्या बाकावर तीन काका तीन छोट्या काउंट्या घेऊन बसले, प्रत्येकाकडे दोन कार्डं. तिघांनी कार्डं टेबलावर ठेवली की माझं अख्खं अटलांटा फिटलं. एकॉल्स काउंटीत 938 माणसांमागे एक युनिट, फुल्टनमध्ये 92,721 माणसांमागे एक, हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. ठाणे शहरातल्या जवळपास शंभर माणसांचं वजन मोखाड्यातल्या एका माणसाएवढं, असं समजा.

याचा वंशाशी संबंध काय, तेही सरांनी उलगडलं. जॉर्जियात 1946 पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांना मत होतं, आणि प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा. ते दार कोर्टाने उघडलं तेव्हा कृष्णवर्णीय मतदार शहरांमधून पुढे येऊ लागले. पण शहरांचं वजनच काउंटी युनिटने मारून टाकलेलं होतं. खेड्यांतले चार पुढारी हाताशी धरले की राज्य खिशात. 1962 मध्ये खालच्या कोर्टाने ही पद्धत मोडली आणि 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'एक माणूस, एक मत' म्हणत त्यावर शिक्कामोर्तब केलं. राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, मतदारसंघही लोकसंख्येप्रमाणे नव्याने पाडावे लागले. 1962 मध्येच अटलांटातून लेरॉय जॉन्सन हे कृष्णवर्णीय वकील सिनेटवर निवडून आले. आणि त्याच नव्या रचनेत प्लेन्सच्या बाजूला जागा झाली, म्हणून कार्टर उभे राहिले. 1 ऑक्टोबर 1962 ला, स्वतःच्या अडतिसाव्या वाढदिवशी ठरवलं. प्रायमरीचं मतदान पंधरा दिवसांवर.

दुसरा शनिवार. यासाठी तरी हा वर्ग करावाच.

मतदारसंघात सात काउंट्या, त्यांतली एक क्विटमन. तिचं मुख्य गाव जॉर्जटाऊन, आणि तिथला सर्वेसर्वा ज्यो हर्स्ट. गावातलं सरकारी मदतीचं वाटप त्याच्या हातात, घरात आमदारकीही त्याचीच. मतदानाच्या दिवशी लोकांना आडोसा नाही. कोर्टाच्या इमारतीत हर्स्टच्या डोळ्यांदेखत काउंटरवर मतपत्रिका भरायची. कोणाला मत द्यायचं हे तो बोट ठेवून सांगायचा, आणि मतपेटी म्हणजे वर मोठं भोक पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. त्या भोकातून हात घालून तो आधी टाकलेल्या मतपत्रिका काढून बघायचा. 333 जणांनी मत दिल्याची नोंद आणि खोक्यात मतपत्रिका 420. शंभराहून जास्त मतदारांनी म्हणे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने येऊन मतं दिली. यादीत मेलेले होते, तुरुंगात असलेले होते, गाव सोडून गेलेले होते.

सरांनी टेबलावर तसंच एक खोकं आणून ठेवलं होतं, बिस्किटांचं. वर सुरीने पाडलेलं भोक. मी उठून त्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

मला लगेच 1995 ची विधानसभा आठवली. शहापूर तालुक्यातली एका पाड्यावरची शाळा, मी दुसरी मतदान अधिकारी. शाई लावायची आणि स्थळप्रतीवर, म्हणजे मतपत्रिकेच्या आमच्याकडे राहणाऱ्या तुकड्यावर, सही किंवा अंगठा घ्यायचा, हे माझं काम. सकाळी सगळ्यात आधी पेटी उघडून प्रतिनिधींना रिकामी दाखवायची, आत कागदी मोहोर लावायची, तिच्यावर त्यांच्या सह्या, मग झाकण, मग दोरा, मग लाख. मेणबत्तीवर लाख वितळवताना केंद्राध्यक्षांच्या अंगठ्याला चटका बसला होता, त्याचा वास मला अजून येतो. पेटीची फट एवढी अरुंद की घडी केलेली एक मतपत्रिका जेमतेम आत सरकावी. बोटही जात नाही. दुपारी एक ठाकूर आजी आल्या. त्यांच्यामागून गावातला एक वजनदार माणूस थेट पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत आला आणि 'म्हातारीला दिसत नाही, मी दाखवतो' म्हणाला. आजी वळून म्हणाल्या, "मला दिसतंया." केंद्राध्यक्ष उठले आणि त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं. संध्याकाळी मतपत्रिकांच्या हिशेबाचा नमुना 16 भरताना स्थळप्रती, दिलेल्या मतपत्रिका, उरलेल्या मतपत्रिका असा सगळा मेळ बसेपर्यंत कुणी पाणी प्यायलं नाही. एका मतपत्रिकेचा फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. 87 मतपत्रिका जास्त निघाल्यात आणि पेटी तशीच स्वीकारली आहे, हे मी कल्पनेतही आणू शकत नाही.

आणि सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला वर्गात यायच्या आधी माहीत नव्हती. आपल्या 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीसाठी गोदरेजने विक्रोळीत लोखंडी मतपेट्या बनवल्या, 12 लाखांहून जास्त. म्हणजे जॉर्जटाऊनला पुठ्ठ्याचं खोकं वापरत होते त्याच्या दहा वर्षं आधी आपल्या विक्रोळीहून लोखंडाच्या पेट्या देशभर गेलेल्या होत्या.

कार्टर हरले, पण गप्प बसले नाहीत. 'अटलांटा जर्नल'चा बातमीदार जॉन पेनिंग्टन गावात उतरून दारोदार फिरला, यादीतल्या नावांना भेटला, बातम्या छापल्या. चार्ल्स किर्बो या वकिलाने फेरमोजणीची बाजू मांडली. कोर्टात खोकं उघडलं तेव्हा आत मतपत्रिकांचा एक गुंडाळलेला जुडगा निघाला. मतपत्रिका एकेक करून टाकल्या असत्या तर असा जुडगा झालाच नसता. न्यायाधीशांनी जॉर्जटाऊनची पेटी बाद केली आणि कार्टर यांचं पारडं वर आलं. त्यानंतरही अपिलं आणि आदेश मुख्य निवडणुकीच्या मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होते. जानेवारी 1963 मध्ये शपथ होईपर्यंत जागा मिळेल की नाही याची खात्री नव्हती. सिनेटमध्ये गेल्यावर सुरुवातीच्याच भाषणांपैकी एक त्यांनी 'तीस प्रश्नां'विरुद्ध केलं. कृष्णवर्णीय माणूस मतदार नोंदणीला आला की त्याच्यासमोर कायद्याचे असे कठीण प्रश्न ठेवायचे, की विचारणाऱ्यालाही उत्तरं येऊ नयेत. हा सगळा भाग सरांनी इतका तब्येतीत शिकवला की सात वाजून गेले तरी कुणी चप्पल शोधायला उठलं नाही.

आता तक्रार. आणि ती मला मनापासून करायची आहे.

तिसरा शनिवार 1965 ते 1970 चा. सुरुवात छान झाली. 1965 मध्ये प्लेन्सच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना आत घेऊ नये असा ठराव आला, कार्टर उठून विरोधात बोलले आणि मतं पडली 54 विरुद्ध 6. सहांतले बहुतेक कार्टरांच्या घरातलेच. मग 1966 ची गव्हर्नरपदाची, म्हणजे राज्याच्या प्रमुखपदाची, निवडणूक. प्रायमरीत कार्टर तिसरे आले. शेवटी गव्हर्नर झाला लेस्टर मॅडॉक्स, ज्याने आपल्या हॉटेलात कृष्णवर्णीय गिऱ्हाईक येऊ नये म्हणून कुदळीचे दांडे पुढे केले होते. तेही मतदारांनी थेट निवडून दिलं नाही. कुणालाच निम्म्यावर मतं न मिळाल्यामुळे विधिमंडळाने त्याला निवडलं. यावर एक तास गेला, चांगला गेला.

पण 1970 ला शेवटची वीस मिनिटं उरली, आणि टिपणात त्यासाठी अर्धं पान. मी वाचनालयातून पुस्तक घेऊन घरी जे वाचलं, ते वर्गात यायला हवं होतं. त्या वर्षी गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत कार्टर यांच्यासमोर कार्ल सँडर्स हे माजी गव्हर्नर होते, शहरी आणि वंशाच्या प्रश्नावर त्यातल्या त्यात मवाळ. कार्टर यांनी प्रचार केला तो कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवण्याच्या बाजूच्या गोऱ्या मतदारांना आपलंसं करणारा. वेगळं ठेवण्याचा कट्टर पुरस्कर्ता असलेल्या अलाबामाच्या जॉर्ज वॉलेसला भाषणाला बोलावीन म्हणून सांगितलं. सँडर्स कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडूंसोबत विजयाचा जल्लोष करत आहेत, अशा फोटोची निनावी पत्रकं गोऱ्या वस्त्यांत वाटली गेली, आणि त्यामागे कार्टर यांच्या प्रचारातली माणसं होती असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. त्याच प्रायमरीत ऑल्बनीचे सी. बी. किंग हे नागरी हक्कांचे कृष्णवर्णीय वकील स्वतः उभे होते. त्यांचं नाव टिपणात एकदा आलं आहे, तेही कंसात.

मी हात वर करून विचारलं, की सहा मतांत उभा राहणारा माणूस पाच वर्षांत इथवर कसा आला? सर म्हणाले, निवडून यायचं तर त्या काळात दुसरा रस्ता नव्हता. मला ते पटलं नाही आणि अजून पटत नाही. सँडर्स दुसऱ्या रस्त्याने चालले होते आणि हरले. किंग तर जिंकण्याची आशा नसतानाही उभे राहिले. रस्ता होता, तो हरण्याचा होता, आणि कार्टर एकदा हरलेले होते. हेच तर शिकण्यासारखं होतं. आदल्या शनिवारी आपण हर्स्टच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला. 1970 च्या प्रचारातही तसाच हात घालायला हवा होता. सरांचं कार्टर यांच्यावर प्रेम आहे, ते माझंही झालं आहे. पण आवडत्या उमेदवाराची पेटी आपण जास्त काळजीने मोजायची असते, केंद्रावर आम्हाला हेच शिकवलं होतं.

हे मी सरांना वर्गानंतर जिन्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हेही नोंदवते.

चौथ्या शनिवारी 12 जानेवारी 1971 चं शपथविधीचं भाषण. वंशभेदाची वेळ आता संपली आहे, असं कार्टर यांनी सरळ सांगितलं. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्या मतांवर निवडून आले, तेच समोर बसले होते. तिसऱ्या शनिवारी 1970 नीट उघडून दाखवलं असतं तर हे वाक्य किती जड आहे ते वर्गातल्या सगळ्यांना कळलं असतं. माझ्या शेजारच्या मुलीला, ती एम.ए. करते, ते नुसतं चांगलं भाषण वाटलं. पुढे जवळजवळ 300 सरकारी खाती आणि मंडळं एकत्र करून 22 केली, हा भाग सरांनी भराभर घेतला, ते बरंच झालं. फेब्रुवारी 1974 मध्ये राज्याच्या विधान भवनात मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र लावलं, सोबत लूसी क्राफ्ट लेनी आणि बिशप हेन्री मॅकनील टर्नर यांची. आत समारंभ चालू, बाहेर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक निषेध करत उभे.

आणि शेवटी सरांनी विक्रोळी पुन्हा काढली. कार्टर यांच्या आई, लिलियन. व्यवसायाने परिचारिका, प्लेन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या. जन्म 15 ऑगस्टचा, 1898. मुलगा 1966 मध्ये हरला त्याच वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरच्या, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या, स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्यात काम करत राहिल्या. कुष्ठरोग्यांची सेवा केली. 1968 मध्ये परत गेल्या. ठाण्याहून धिम्या लोकलने विक्रोळी पाचवं स्टेशन. माझी सासू त्या वर्षांत भांडुपला राहायची. घरी जाऊन मी त्यांना विचारलं, कुणी गोरी म्हातारी नर्स आठवते का. त्यांना नाही आठवत. पण मग त्या दवाखान्याबाहेरच्या रांगेबद्दल अर्धा तास बोलत होत्या.

पाचपैकी चार तारे. एक तारा 1970 चा कापला आहे, पंख्याचा किंवा जिन्याचा नाही.

वाचनालयाला दोन विनंत्या. ज्येष्ठांसाठी हा वर्ग तळमजल्यावरच्या बालविभागात घेता येईल का, शनिवारी संध्याकाळी तो रिकामाच असतो. आणि पुढच्या बॅचला तिसरा शनिवार दोन भागांत करा. 1966 एकदा, 1970 एकदा, आणि सी. बी. किंग यांच्यावर वेगळं टिपण द्या. तसं होणार असेल तर मला फोन करा, नंबर सभासद नोंदवहीत आहे. मी पुन्हा फी भरून येईन. माझ्याकडे मतदान केंद्राध्यक्षांची 1995 ची हस्तपुस्तिका आहे, मतपेटी बंद करायच्या आकृत्यांसकट. दुसऱ्या शनिवारी त्या बिस्किटांच्या खोक्याशेजारी ठेवायला ती घेऊन येते.